एपिक्युरस चैनी नव्हता

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) म्हणजे ‘खा, प्या, मजा करा’, असा समज सर्रास आढळतो. सुख हेच ध्येय, असं तो म्हणे हे खरं. पण त्याच्या लेखी सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मन निर्धास्त असणं (अ‍ॅटरॅक्सिया). चपलेतला खडा काढला की चालणं सुखाचं होतं, चप्पल मखमली असावी लागत नाही. अथेन्समधल्या त्याच्या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिकत. जेवण साधंच, मेजवानीसाठी त्याने मित्राकडे काय मागावं, तर थोडं चीज! कीर्तीची हाव त्याला पोकळ वाटे. बदनामीला विरोधकांचाही हातभार होता: स्टोइक या तत्त्वज्ञान-पंथाच्या डायोटिमसने त्याच्या नावावर ५० अश्लील पत्रं खपवल्याची नोंद प्राचीन चरित्रकार डायोजिनीस लाएर्शियसने केली आहे.