तुंग, आजोबा!

नवी मुंबईतल्या आमच्या सीवूड्समध्ये सकाळी करावे गावाच्या बाजूला फिरायला गेलं, की ‘चाणक्य’ या सागरी प्रशिक्षण संस्थेचे गणवेशातले कॅडेट कधीमधी दिसतात. उद्या जहाजावर जाणारी पोरं. त्यातला एखादा ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणतो आणि मला अल्बानियातलं दुरेस बंदर आठवतं.

मी जहाजावर इंजिनियर होतो. दुरेसला चार दिवस माल उतरत होता. धक्क्यावरचा म्हातारा मुकादम रोज म्हणे, ‘तुंग्यातयेता.’ मीही तेच परत म्हणे. रामराम असेल, असं धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी बंदरावरच्या एजंटाने अर्थ सांगितला आणि मी ओशाळलो.

तो शब्द नव्हता, अख्खं वाक्य होतं : ‘तुझं आयुष्य वाढो.’ शेवटचं ‘येता’ म्हणजे आयुष्य. मधल्या क्रियापदात ‘ग्यात’, म्हणजे लांब, हा शब्द आहे. आपल्या ‘वाढो’, ‘लाभो’मधला ‘ओ’ नुसती इच्छा सांगतो. अल्बानियनमध्येही इच्छेसाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे. बोलून बोलून सांधे झिजले आणि वाक्याचा शब्द झाला. आपण नाही का ‘चिरंजीव’चा ‘चि.’ करून लग्नपत्रिकेत छापत!

अल्बानियन ही मराठीची फार दूरची चुलत बहीण. दोघींचं मूळ घराणं इंडो-युरोपीय. भाषाशास्त्रज्ञ त्या ‘ग्यात’चं नातं संस्कृत ‘दीर्घ’शी जोडतात. म्हणजे दुरेसच्या धक्क्यावर मी एका अर्थी ‘दीर्घायुषी हो’च म्हणत होतो.

तेही कोणाला? तिशीतला मी, साठीच्या मुकादमाला! आमच्या घरी लहानाने वाकायचं आणि मोठ्याने ‘औक्षवंत हो’ म्हणायचं. औक्ष म्हणजे आयुष्यच. ‘नमस्कार’ खालून वर जातो, कारण त्यातलं ‘नम्’ म्हणजे वाकणं. आशीर्वाद वरून खाली येतो. अल्बानियात तोच आशीर्वाद वाटेवर भेटणारा कोणीही कोणालाही देतो. त्यासाठी वय लागत नाही.

नातीला हे सांगितलं. तिकडची तरुण मुलं नुसतं ‘तुंग’ म्हणतात, हे तिला फार आवडलं. मावळातला तुंग किल्ला पाहिलेला, म्हणून शब्द पक्का लक्षात राहिला. आता कॉलेजला जाताना मॉलखालच्या स्टेशनात शिरता शिरता ती ओरडते, ‘तुंग, आजोबा!’

‘औक्षवंत हो,’ मी म्हणतो. पण तोवर तिचा आशीर्वाद मला पोचलेला असतो.