रानाला किती पाहुणे सोसतात?

एखादे रम्य स्थळ सर्वांसाठी खुले असावे आणि ते बिघडूही नये, असे आपल्याला एकाच वेळी वाटते. गर्दी वाढली म्हणजे या दोन इच्छा परस्परांच्या आड येऊ लागतात. हा प्रश्न अमेरिकेत फार लवकर उभा राहिला, म्हणून तेथलेच उदाहरण घेऊ.

कॅलिफोर्नियातील योसेमिटीची दरी १८६४ साली लिंकनच्या सहीने लोकांच्या उपभोगासाठी राखून ठेवण्यात आली. पुढे १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते निघाले. लोकांना या स्थळांचा आनंद लाभावा आणि पुढच्या पिढ्यांसाठी ती अबाधितही राहावीत, अशी दुहेरी जबाबदारी कायद्याने त्या खात्यावर टाकली. मोटारीने ती फार अवघड करून ठेवली. १९५४ साली योसेमिटीत प्रथमच वर्षाला दहा लाखांवर पाहुणे आले. २०१६ साली ते पन्नास लाखांच्या पुढे गेले.

हे पाहुणे नेमके बिघडवतात काय? एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९२०च्या दशकात याचा छडा लावला. कोणी कुऱ्हाड चालवीत नव्हते. तरी तंबूंच्या तळावरील झाडे खंगत होती. पावलांनी आणि चाकांनी माती चेपली जाते, तिच्यात पाणी व हवा शिरत नाही, आणि मुळे गुदमरतात. झाड त्याच दिवशी मरत नाही, म्हणून दोष कोणाच्याच ध्यानात येत नाही. सावली गेली की तळ दुसरीकडे हलवायचा आणि तेथेही तेच घडायचे!

माइनेकेने १९३२ साली सुचवलेला उपाय अगदी साधा होता. माणसाला हाकलू नका, त्याला जागा नेमून द्या. तळातून एकाच दिशेने जाणारा रस्ता काढावा, प्रत्येक कुटुंबाला मोटार उभी करण्यास एक फाटा द्यावा, शेजारी तंबू, मेज व चूल यांची जागा ठरवावी, आणि कडेला मोठे धोंडे रोवून मोटारीला बाहेर जाऊ देऊ नये. काही भूमी तुडवली जाणारच. पण तेवढीच तुडवली जाते व बाकीची वाचते. १९३३ पासून बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून असे अनेक तळ बांधले गेले, आणि आजही तीच पद्धत रूढ आहे.

परंतु मांडणी कितीही चांगली असली तरी जागा वाढत नाही. जानेवारी १९९७ च्या महापुरात योसेमिटीतील नदीकाठचे तळ वाहून गेले, आणि त्यांतले कित्येक पुन्हा उभारले नाहीत. ‘हाफ डोम’ या कड्यावर पोलादी दोरांना धरून चढावे लागते. तेथे दाटी धोक्याची झाली, तेव्हा २०१० पासून परवाने आले. आता दिवसाला सुमारे तीनशे जणांनाच सोडतीने वर जाता येते.

येथे आपण विचारू, ‘सार्वजनिक भूमी, मग मज्जाव कसला?’ शंका रास्त आहे. शुल्क वाढवले तर गरीब मागे राहतो. आगाऊ नोंदणी ठेवली तर ज्याला महिनोन्‌महिने आधी रजा ठरवता येत नाही तो मागे राहतो. सोडत निःपक्षपाती खरी, पण ती हौशी आणि उदासीन यांत भेद करीत नाही. निर्दोष असा नियम नाहीच. मात्र नियमच नसला तर जो आधी पोचतो आणि दांडगाई करतो त्याचे फावते, आणि किंमत मुक्या झाडांना द्यावी लागते.

हा प्रश्न आपल्या दारीही आला आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेल्या कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे. तेथे फुलांच्या हंगामात शुल्क व रोजच्या पाहुण्यांची मर्यादा घालावी लागली. नोंदणी मिळाली नाही म्हणजे राग येतो, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘नियम का?’ असे न विचारता ‘नियम न्यायाने चालतो का?’ असे विचारावे. खात्याला त्याचे उत्तर द्यावेच लागेल, आणि तोवर फुलांच्या मुळांना उसंत मिळेल.