विंडोज उडालेली नसते!

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला गेलेली बरीच पोरं लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकतात. प्रॅक्टिकलला लिनक्स लागतंच. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात तर लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. टाकायचं कसं, हे सांगणारे पुष्कळ. काढायचं कसं, हे मात्र होस्टेलच्या खोलीत एकमेकांना विचारून ठरतं: डिस्क मॅनेजमेंट उघड, उबुंटूचं पार्टिशन शोध, राइट क्लिक कर, डिलीट मार. झालं!

झालं नाही. लॅपटॉप पुन्हा चालू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ग्रब’ हा शब्द आणि पुढं लुकलुकणारा कर्सर. मग लॅपटॉप बगलेत मारून दुकान गाठायचं. तिथं पडद्याकडं एक नजर टाकून निदान होतं, ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावं लागेल.’ आणि खरोखरच मारतात. प्रोजेक्ट रिपोर्ट, स्कॅन केलेले दाखले, घरच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यात जातं.

चीड येते ती इथं. कारण विंडोज उडालेली नसते. ती जागच्या जागी, धडधाकट असते.

लॅपटॉप सुरू होताना आधी जागा होतो तो मदरबोर्डवरचा फर्मवेअर. त्याला सगळे अजूनही बायोसच म्हणतात. पुढं कुणाला हाक मारायची याची यादी त्याच्या स्वतःच्या मेमरीत असते, हार्ड डिस्कवर नव्हे. उबुंटू टाकताना या यादीत ‘उबुंटू’ हे नाव सहसा सर्वांत वर जाऊन बसतं. शिवाय डिस्कवर ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन असतं, विंडोजनं केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्यात ‘उबुंटू’ नावाचा फोल्डर तयार होतो. ग्रब हा बूटलोडर राहतो तिथं. त्याला लागणारा बाकीचा ऐवज मात्र उबुंटूच्या मोठ्या पार्टिशनमध्ये असतो. ते मोठं पार्टिशन डिलीट केलं, तरी यादीतलं नाव आणि छोटा फोल्डर दोन्ही शिल्लक. भाडेकरू खोली सोडून गेला, पण फाटकावरची पाटी तशीच राहिली, तर टपाल तिथंच येत राहणार. फर्मवेअर ग्रबला उठवतो, ग्रब आपली फाइल शोधतो, ती सापडत नाही, आणि मग तो हुकमाची वाट बघत बसतो. या सगळ्या प्रकारात विंडोजच्या एकाही फाइलला धक्का लागलेला नसतो.

उपाय एका मिनिटाचा आहे. लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची: डेलवर एफ१२, एचपीवर एफ९, आसूसवर एस्केप. यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडायचं. विंडोज उघडते. मग बायोसमध्ये जाऊन तेच नाव कायमचं वर आणायचं. उरलेला ‘उबुंटू’ फोल्डर नंतर सवडीनं काढता येतो. नाही काढला तरी तो काही एमबी अडवून गप्प पडून राहतो. शहाण्यानं मात्र क्रम उलटा ठेवावा. आधी बायोसमध्ये विंडोज वर आणावी, ती थेट सुरू होते याची खात्री करावी आणि मगच उबुंटूच्या पार्टिशनला हात लावावा.

जुन्या मशीनची गोष्ट थोडी वेगळी. ज्या १९८३ साली सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं, त्याच वर्षी आयबीएमच्या पीसी-डॉस २.० बरोबर ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ आला. डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा तुकडा. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरवर ग्रबचा पहिला भाग याच तुकड्यात बसतो, त्यामुळं तिथं बूट मेन्यूनं भागत नाही. विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून, ‘रिपेअर’मध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बूटरेक’चा ‘फिक्स एमबीआर’ हा हुकूम द्यावा लागतो. तोही फक्त बूटचा कोड बदलतो, पार्टिशनच्या तक्त्याला हात लावत नाही. म्हणजे डेटा इथंही शाबूत. उलट वर सांगितलेला नवा फर्मवेअर (यूईएफआय) असलेल्या लॅपटॉपवर हाच हुकूम दहादा दिला तरी काही उपयोग नाही, आणि तरीही तो प्रत्येक वर्षाच्या बॅचला मोठ्या विश्वासानं सांगितला जातो.

आता मोकळी झालेली जागा. ‘सी ड्राइव्हला आपोआप मिळते’ हा गैरसमज. ती नुसती मोकळी पडते. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ चालतं ते जागा त्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडं असेल तरच. डी ड्राइव्ह कमी करून उबुंटू टाकलं असेल, तर ती जागा डीलाच जोडता येते. सीसमोर तो पर्याय पुसट दिसतो आणि पोरं वैतागून मधलं जे दिसेल ते डिलीट करत सुटतात. डिस्क मॅनेजमेंट ईएफआय पार्टिशन सहसा डिलीट करू देत नाही. पण ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘ओव्हरराइड’ लिहून ते उडवणारे बहाद्दर भेटतात. त्यांची विंडोज मात्र खरोखर सुरू होत नाही.

आणखी एक सापळा आहे. लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ती काही वेळा ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारते. याचा अर्थ डिस्क खराब झाली असा नव्हे. आत फाइली असतील, तर ‘हो’ म्हणू नये.

काही किरकोळ समजुती. ‘दोन सिस्टीम टाकल्या की लॅपटॉप स्लो होतो’: एका वेळी एकच चालते, दुसरी फक्त जागा अडवते. ‘पार्टिशन जास्त केले की स्पीड वाढतो’: एसएसडीवर तर मुळीच नाही, तिथं डेटा आतल्या चिप्सवर कुठंही विखुरलेला असतो. ‘५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते, दुकानदारानं फसवलं’: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ‘घड्याळ साडेपाच तास मागं गेलं, म्हणजे व्हायरस’: लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजते; वेळ सिंक केली की जमतं. ‘लिनक्समुळं विंडोज बिघडते’: ऑगस्ट २०२४ मध्ये उलटं घडलं. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांच्या ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्सच उठेना. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली. कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला.

एक जागा मात्र खरोखर धोक्याची. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क बहुधा एन्क्रिप्ट केलेली असते. बूटचा क्रम बदलला की काही वेळा ती बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की सहसा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जपलेली असते. ती आधी शोधून वहीत उतरवून ठेवा.

आणि ‘डी ड्राइव्हमध्ये कॉपी आहे, म्हणजे बॅकअप झालं’ असं मानू नका. सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात. डिस्क मॅनेजमेंट उघडायच्या आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.