आगमनकाळ : मंडळीच्या वर्षाचा ताळेबंद

ख्रिस्ती उपासनेचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्या तारखेला सर्वांत जवळ जो रविवार येईल, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबरच्या अलीकडे येत नाही आणि ३ डिसेंबरच्या पलीकडे जात नाही. वसईतले कॅथलिक या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात. नगर-पुण्याच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ॲडव्हेंट हा शब्दही तितकाच रुळलेला आहे.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी जुनी वही मिटतो आणि नवीची पूजा करतो. त्यानंतर काही आठवड्यांतच मंडळीचीही जुनी वही मिटते. बाहेरून पाहणाऱ्याला डिसेंबर म्हणजे चांदण्या, केक आणि कॅरल. दुकानांनी तर नाताळ नोव्हेंबरातच मांडलेला असतो. मंडळीच्या आत मात्र हे चार आठवडे गंभीर असतात, आणि या काळाचं खरं मोल त्या गंभीरपणातच आहे असं मला वाटतं. धर्मगुरू जांभळी वस्त्रं घालतात. रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे गौरवगीत गायलं जात नाही, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान गोठ्यातल्या बाळाचं नसतंच. ते शेवटच्या दिवसाबद्दल असतं : जागे राहा, धनी केव्हा येईल सांगता येत नाही. नव्या वर्षाची सुरुवात अशी अखेरच्या हिशेबाच्या आठवणीने होते.

या काळाचं मूळ उपवासात आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेट्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास ठरवून दिला होता. पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये उपवास सैल होत गेला आणि रविवार चार उरले. पूर्वेकडच्या परंपरेने उपवास सोडला नाही. केरळातून मुंबई-पुण्यात आलेली मलंकारा ऑर्थोडॉक्स कुटुंबं आजही १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवास धरतात.

चर्चमध्ये वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या दिसतात, तो प्रकार त्या मानाने अगदी अलीकडचा. योहान हिन्रिख विखेर्न या लुथरन पाळकाने हॅम्बुर्गजवळ गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवला होता. मुलं रोज विचारत, नाताळ किती दिवसांवर आला? १८३९ मध्ये त्याने एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल, आणि रोज एक पेटवायची. कॅथलिक चर्चमध्ये हे कडं आलं ते विसाव्या शतकात. आज वसईच्या चर्चमध्ये तीन जांभळ्या नि एक गुलाबी मेणबत्ती लागते, त्यांचा उगम असा एका अनाथाश्रमात आहे. सजावट करणाऱ्या तरुणांना हे कुणीतरी सांगायला हवं.

गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची. कॅथलिक वाचनमाला तीन वर्षांची असते, एकेका वर्षी मत्तय, मार्क आणि लूक. लूकच्या वर्षात या रविवारी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा प्रसंग येतो. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना ध्यानधारणा सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायाने दमदाटी करून पैसे उकळू नयेत. वर्षाचा आढावा कसा घ्यावा याचं इतकं रोखठोक उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. आगमनकाळात कुमसारासाठी, म्हणजे पापकबुलीसाठी, रांगा लागतात, सामूहिक प्रायश्चित्त विधी होतात. पण योहानाची उत्तरं खासगी पापांपुरती थांबत नाहीत. ती धंद्यापर्यंत, पगारापर्यंत, हातातल्या अधिकारापर्यंत जातात.

मग धर्मग्रामाने, म्हणजे पॅरिशने, आपलं वर्ष कसं वाचावं? पहिलं साधन चर्चच्या कपाटातच असतं. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंदवही प्रत्येक पॅरिशने ठेवावी, हा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला. मृत्यूंची नोंद १६१४ पासून बंधनकारक झाली. आजच्या १९८३ च्या कॅनन संहितेतही या वह्या सक्तीच्या आहेत. यातली बाप्तिस्म्याची वही मला सर्वांत विलक्षण वाटते. तिच्यात प्रत्येक नावापुढे समासात जागा असते. दृढीकरण झालं की तिथे नोंद, लग्न झालं की नोंद, कुणी धर्मगुरू झाला, व्रतस्थ झाली, तरी नोंद. वसईत बाप्तिस्मा झालेल्या मुलीचं लग्न टोरांटोत लागलं, तर तिथल्या धर्मगुरूने तिच्या मूळ पॅरिशला कळवायचं असतं, आणि इथे कुणीतरी जुनी वही काढून तिच्या नावापुढे ते लिहायचं असतं. गाव सुटलं तरी वहीतून नाव सुटत नाही.

वर्षअखेरीला या वह्यांतून तीन आकडे निघतात : बाप्तिस्मे किती, लग्नं किती, दफनं किती. धर्मगुरू ते वाचून दाखवतात आणि लोक ऐकून सोडून देतात. खरं तर तिथेच थांबायला हवं. बाप्तिस्मे कमी होत असतील तर तरुण जोडपी कुठे गेली? आखातात, कॅनडात, की जागांचे भाव न परवडून विरारच्या पलीकडे? दफनांमध्ये एकट्याने राहणारी म्हातारी माणसं किती होती, आणि त्यांच्या शेवटच्या महिन्यात त्यांच्याकडे कोण गेलं होतं? नोव्हेंबरच्या २ तारखेला कबरस्तानात मेणबत्त्या लागतात, तो पूर्ण महिना मृतांच्या स्मरणाचा मानला जातो, आणि त्याला लागूनच आगमनकाळ येतो. मला हा क्रम योग्य वाटतो. गेलेल्यांची नावं घेतल्याशिवाय नव्या वर्षात पाऊल टाकू नये.

पैशांचा हिशेबही याच आढाव्यातला आहे. प्रत्येक पॅरिशमध्ये वित्त समिती असलीच पाहिजे असं कॅनन संहिता सांगते. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असंही सांगते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या चर्चना १९५० च्या कायद्याखाली लेखापरीक्षण आहेच, पण ते वर्ष मार्चअखेरीचं, कागद धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा. मंडळीसमोर उभं राहून, छपराच्या दुरुस्तीला किती गेले आणि गरजूंना किती, हे सोप्या मराठीत सांगणं ही वेगळी गोष्ट आहे. ज्या मंडळीत हे मोकळेपणाने होतं तिथे कुजबूज कमी असते.

वसईत या आढाव्याला आणखी एक बाजू आहे, पाण्याची आणि जमिनीची. केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला यांवर इथला समाज उभा राहिला. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा वेगवेगळ्या बोली बोलणारे लोक एका वेदीभोवती जमले ते याच मातीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचा लढा उभारला तेव्हा विहिरी, बावखलं म्हणजे इथली तळी, आणि शेतं वाचवणं हा श्रद्धेचाच भाग आहे हे त्यांनी लोकांना पटवलं. हेच फादर १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्या वर्षीचा आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू झाला, त्यांच्यावाचूनचा पहिला. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीला अर्थ तेव्हाच आहे, जेव्हा वसईतली पॅरिश वर्षाच्या शेवटी विचारील : या वर्षात आपल्या हद्दीत किती बावखलं बुजली? त्यातली आपल्याच माणसांनी किती बुजवली?

अलीकडच्या सर्व आगमनकाळांत मला २०२० चा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्चमध्ये करोनामुळे चर्च बंद झाली. पुनरुत्थानाचा रविवार, १२ एप्रिल, बंद दारांमागे गेला. रिकाम्या बाकांसमोर मिस्सा झाली आणि लोकांनी ती मोबाइलवर पाहिली. लग्नाला पन्नास माणसं, अंत्यविधीला वीस. ज्या समाजात दफनाला अख्खा गाव लोटतो, तिथे वीस माणसं निवडायची म्हणजे घरातल्यांनाच नाही म्हणायचं. महाराष्ट्रातली सगळी प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी मिळाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मंदिर, मशीद आणि चर्च, तिन्हींची दारं या राज्यात एकाच दिवशी मोकळी झाली. बरोबर तेरा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, आगमनकाळाचा पहिला रविवार होता. पासष्टीपुढच्यांनी घरीच थांबावं अशी सूचना होती, म्हणजे वर्षानुवर्षं पहिल्या बाकावर बसणारीच माणसं आली नाहीत. जागे राहण्याचं वचन त्या रविवारी मास्क लावलेल्या, अंतर ठेवून बसलेल्या लोकांनी ऐकलं. कुणाला जाताना निरोप देता आला नाही, याची यादी प्रत्येकाच्या मनात होती.

अशा वर्षांसाठी उपासनेची रीतही नव्याने घडते. पहिलं महायुद्ध संपलं त्या १९१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नऊ वाचनं आणि कॅरल यांची उपासना झाली. तिची आखणी एरिक मिलनर-व्हाइट यांनी केली होती. ते युद्धात सैन्याचे पाळक होते. मुळात ही रीत १८८० मध्ये कॉर्नवॉलच्या ट्रुरो शहरात सुरू झालेली, पण किंग्जमध्ये तिच्या आरंभीच्या प्रार्थनेत गेलेल्यांचं स्मरण आलं. आज जगभरच्या चर्चमध्ये डिसेंबरात जी कॅरल उपासना होते, तिच्या मागे ते चार वर्षांचं मरण आहे.

नगरकडे वर्षाचा आढावा वेगळ्या वाटेने आला. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक अहमदनगरला आले. ते न्यू इंग्लंडच्या ज्या परंपरेतले, तिथे एके काळी चर्चच्या सणांनाच विरोध होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होत असे. त्यामुळे आगमनकाळाचे रविवार या घराण्याच्या मूळ शिकवणीत नव्हते. पण आढाव्याची शिस्त जबरदस्त होती. मिशनचे वार्षिक अहवाल निघत. कोणत्या गावी शाळा, शिक्षक कोण, मंडळीत किती जण आले, दुष्काळात काय झालं, हे सगळं त्यांत असे. १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनच्या खेड्यांत काय करून गेला, हे अभ्यासणाऱ्याला आजही या कागदांकडे वळावं लागतं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरला १८४२ मध्ये निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याचे संपादक होते.

सणांचं कॅलेंडर मानणारी आणि न मानणारी, अशा दोन वाटा एकत्र आल्या त्या महाराष्ट्रातच. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि नगरच्या मंडळ्या ज्यात होत्या ती उत्तर भारताची संयुक्त मंडळी, अशा सहा परंपरांनी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. तारीख होती २९ नोव्हेंबर १९७०. तो रविवार होता, आणि आगमनकाळाचा पहिलाच रविवार. कॅलेंडर मानणारे आणि न मानणारे, दोघांनीही आपल्या एकत्र वर्षाची सुरुवात त्या दिवसापासून केली.

कॅथलिक चर्चनेही अलीकडे स्वतःचं ऐकण्याचा मोठा प्रयत्न केला. पोप फ्रान्सिस यांच्या सिनडची, म्हणजे विचारविनिमयाच्या धर्मसभेची, धर्मप्रांतांतली सुरुवात १७ ऑक्टोबर २०२१ ला झाली, अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ ला मंजूर झाला. गावोगावच्या पॅरिशमध्ये स्त्रियांना, तरुणांना, चर्चपासून दुरावलेल्यांना काय वाटतं ते विचारावं, हा त्यामागचा आग्रह. काही ठिकाणी हे मनापासून झालं, काही ठिकाणी फॉर्म भरून. जिथे मनापासून झालं, तिथला सर्वांत मोठा लाभ ठरावांचा नव्हता. वर्षानुवर्षं गप्प बसलेली माणसं पहिल्यांदा बोलली, हा होता.

मराठी ख्रिस्ती समाजाने आपली वर्षं लिहून ठेवली आहेत. ‘ज्ञानोदय’, १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेलं ‘निरोप्या’, वसईचं ‘सुवार्ता’, पॅरिशच्या सणांच्या स्मरणिका, मंडळ्यांच्या सभांची इतिवृत्तं. या कागदांत महाराष्ट्राच्या खेड्यांचा, स्थलांतराचा, शिक्षणाचा, दलित कुटुंबांच्या धर्मांतराचा, शेतीच्या बदलाचा जो इतिहास आहे, तो सरकारी दप्तरांत याच रूपात मिळणार नाही. मात्र जुने अंक घराघरांतून रद्दीत चालले आहेत. चर्चची जुनी इमारत पाडून नवी बांधताना कपाटं हलतात आणि वह्या हरवतात.

म्हणून ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे. या आगमनकाळात तुमच्या मंडळीच्या सचिवांना, धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना जुनी इतिवृत्तं कुठे आहेत ते विचारा. तरुणांकडे चांगले मोबाइल आहेत. गोठा बांधून झाला की त्यांनी दोन रविवार या पानांचे फोटो काढावेत आणि एक प्रत धर्मप्रांताच्या किंवा डायोसीसच्या कार्यालयात द्यावी. नोंदवह्यांचे फोटो मात्र परवानगीनेच, कारण त्यांत खासगी आयुष्यं आहेत. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून त्यांना आठवणारा नाताळ त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, कादोडीत, म्हणजे सामवेदी बोलीत, असेल तर कादोडीतच. आणि ज्यांच्या घरी ‘ज्ञानोदय’, ‘निरोप्या’ किंवा ‘सुवार्ता’चे जुने अंक असतील त्यांनी, ख्रिस्ती असोत वा नसोत, ते रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला एक फोन करावा.