वाऱ्याला वाट द्या!

फोटो, सिनेमे, बॅकअप असा सगळा संसार सांभाळत घरचा सर्व्हर कोपऱ्यात चोवीस तास राबतो. ना पगार, ना रजा. त्याला हवा असतो तो खेळता, स्वच्छ वारा. त्याच्या तापाच्या आणि धुळीच्या या गमती.

हा तर हीटर!
५० वॅटचा सर्व्हर महिन्याला ३६ युनिट वीज खातो आणि जवळजवळ सगळी उष्णता करून खोलीत सोडतो. त्याला बंद कपाटात कोंडलंत, तर स्वतःच सोडलेली गरम हवा तो पुन्हा पुन्हा ओढत बसतो.

पंखा म्हणजे एसी नव्हे
पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर प्रोसेसर त्याखाली जाणारच नाही. पण घाबरू नका. रास्पबेरी पाय ४ आपला वेग कमी करतो तो ८० अंशांच्या पुढे. इंटेलचे अनेक प्रोसेसर तर १०० अंशांपर्यंत तग धरतात. हीटसिंकच्या फटी धुळीने बुजल्या, की ही मधली सवलत भराभर संपते.

मग कूलरसमोर ठेवू?
अजिबात नको! कूलर हवेत ओलावा सोडतो आणि ओलसर धूळ सर्किटवर बसली की शॉर्ट सर्किट आणि गंज दोन्हींची भीती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या प्राइनव्हिल इथल्या फेसबुकच्या डेटा सेंटरमध्ये दमट हवा इतकी साठली, की आत चक्क ढग तयार झाला आणि काही सर्व्हर भिजून बंद पडले.

दोन संथ पंखे भले
पंख्याचा वेग निम्मा केला, की वाराही निम्मा होतो. वीज मात्र साधारण आठवा हिस्साच लागते. म्हणजे निम्म्या वेगाचे दोन पंखे एका जोरकस पंख्याइतकाच वारा देतात, तेही पाव विजेत. शिवाय घरघर कमी, म्हणजे रात्रीची झोप शाबूत.

आत जास्त, बाहेर कमी
हवा आत ओढणाऱ्या पंख्यांचा जोर बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त ठेवा. मग फटींमधून हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. धुळीला एकच दार उरतं आणि त्या दारात फिल्टर उभा. सर्व्हर जमिनीपासून थोडा उंचावर ठेवलात तर आणखी बरं. केरसुणीने उडणारा कचरा थेट नाकात जात नाही.

हार्ड डिस्कलाही थंडी बाधते
गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास मांडला. गरम डिस्क लवकर मरतात, हा समज त्यात बराचसा डळमळला. उलट फार थंड राहिलेल्या डिस्कच जास्त बिघडलेल्या आढळल्या! ताप बाधला तो प्रामुख्याने फार तापलेल्या किंवा वयस्कर डिस्कना.

ते भोक बुजवू नका
साध्या हार्ड डिस्कवर एक बारीक भोक असतं. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं आणि त्याच्या आत फिल्टर असतो. डिस्कचं हेड तबकडीवरून अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगतं, तिथे धुळीचा कण म्हणजे डोंगरच. हेलियम भरलेल्या डिस्क मात्र पूर्ण सीलबंद असतात.

समुद्रातला सर्व्हर
मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर एका सीलबंद टाकीत घालून समुद्रतळाशी ठेवले. आत कोरडा नायट्रोजन. ना धूळ, ना माणसांची ये-जा. दोन वर्षांनी टाकी वर काढली, तेव्हा बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्या सर्व्हरच्या एक अष्टमांश निघालं.

फुंकर नको, ब्लोअर घ्या
तोंडाने फुंकलंत तर धुळीबरोबर थुंकीही उडते. आधी सर्व्हर नीट बंद करा, प्लग काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा. मोकाट गरगरला तर पंख्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर सर्किटपासून लांबच बरा, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

दिवाळीच्या साफसफाईची वाट न पाहता फिल्टर अधूनमधून झटकत राहा. त्यावर धुळीचा थर दिसला तर कपाळाला आठ्या नकोत. ती सगळी धूळ आत गेली नाही, याचाच तो पुरावा!