गिटारची किंमत तासांत मोजली तर

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात इलेक्ट्रिक गिटार कुठून आली, असं काहींना वाटेल. पण 'पूर्वी किती स्वस्ताई होती' हे वाक्य आपण सगळेच बोलतो, आणि ते बोलताना नेमकं काय म्हणतो याचा विचार सहसा करत नाही. तो विचार करायला एखादी ठोस वस्तू समोर हवी. गिटार त्यासाठी फार सोयीची आहे. का, ते पुढे येईलच.

१९५४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी, फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली. छापील किंमत २४९ डॉलर ५० सेंट. सूर थरथरवणारी दांडी नको असेल तर वीस डॉलर कमी. पेटी मात्र वेगळी घ्यायची, तिचे ३९ डॉलर ९५ सेंट. हा आकडा ऐकला की आपलं मन लगेच आजच्या भावाने रुपये करतं आणि म्हणतं, अरे, इतक्या कमी रुपयांत मिळत होती की! इथेच घोटाळा होतो. १९५४चा डॉलर आणि आजचा डॉलर यांचं नाव एक आहे, वस्तू एक नाही. एकाच नावाचे आजोबा आणि नातू असावेत तसं.

मग पहिला उपाय म्हणजे महागाईचा निर्देशांक. अमेरिकेच्या सरकारी निर्देशांकाप्रमाणे १९५४ ते २०२४ या काळात सर्वसाधारण भावपातळी साडेअकरापटीहून थोडी अधिक वाढली. त्या हिशोबाने ती गिटार २०२४च्या सुमारे २,९०० डॉलरची होते. २०२४ साली त्याच कंपनीची, अमेरिकेतच बनलेली चांगली स्ट्रॅटोकास्टर १,७०० डॉलरच्या आसपास मिळत होती. म्हणजे स्वस्ताई तेव्हा नव्हती, आज आहे. ऐकून गंमत वाटते ना?

पण निर्देशांक ही सरासरी आहे आणि सरासरी कुणाच्याच घरात राहत नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर दिलं होतं. हा माणूस ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, हे अर्थशास्त्रवाले विसरतात. आम्ही विसरत नाही! त्याचं म्हणणं असं की वस्तूची नाममात्र किंमत पैशांत असते, पण खरी किंमत म्हणजे ती मिळवायला लागणारे कष्ट. तेव्हा आपण कष्टांतच मोजू.

१९५४ साली अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ठरलेलं किमान वेतन होतं तासाला ७५ सेंट. २४९.५० भागिले ०.७५, म्हणजे जवळजवळ ३३३ तास. आठवड्याला चाळीस तास धरले तर आठ आठवड्यांहून जास्त. त्यात जेवायचं नाही, भाडं भरायचं नाही, फक्त गिटारसाठी राबायचं. नुसत्या पेटीसाठी ५३ तास. शिवाय अँप्लिफायर वेगळा, कारण त्याच्याशिवाय ही गिटार जवळजवळ मुकीच. कारखान्यातला सरासरी कामगार याच्या दुपटीहून अधिक कमवत होता, त्याला चारेक आठवडे पुरले असते. म्हणजे एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच गिटारच्या दोन किमती झाल्या. पाटीवर फक्त एक दिसते.

आणि तिसरा माणूस राहिलाच. किमान वेतनाचा हा १९३८चा कायदा शेतमजुरांना आणि घरकाम करणाऱ्यांना लागूच नव्हता. दक्षिणेकडच्या राज्यांतली असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं नेमकी याच कामांत होती. ज्या ब्लूज संगीतातून रॉक अँड रोल निघालं, ते याच लोकांचं. त्यांच्यासाठी ते ३३३ तास हा आकडासुद्धा खोटा, प्रत्यक्षात कितीतरी जास्त. म्हणून तिथली पोरं झाडूची तार भिंतीला ठोकून एकतारी वाद्य करायची. सीअर्स कंपनीचा टपाली कॅटलॉग होता, त्यातून स्वस्त गिटारी यायच्या. १९६२ची सिल्व्हरटोन पाहा: पेटीच्या झाकणातच अँप्लिफायर बसवलेला, सगळं मिळून ६७ डॉलर ९५ सेंट. तेव्हा किमान वेतन १ डॉलर १५ सेंट झालं होतं, म्हणजे ५९ तास. दीड आठवड्यात आख्खा संच! साठच्या दशकात अमेरिकेत गल्लोगल्ली पोरांचे बँड निघाले. त्याची कारणं सांगताना बीटल्सचं नाव सगळे घेतात, या पेटीचं फारसं कुणी घेत नाही.

आता रोजच्या वस्तूंकडे या. १९५४ साली पत्राचं तिकीट तीन सेंटचं, म्हणजे अडीच मिनिटांचं काम. २०२४ मध्ये ते ७३ सेंटचं झालं. केंद्रीय किमान वेतन २००९पासून ७ डॉलर २५ सेंटवर अडकलेलं आहे, त्या हिशोबाने सहा मिनिटं. म्हणजे पत्र दुपटीहून महाग झालं. (कित्येक राज्यांनी आपलं किमान वेतन वाढवलंय, कॅलिफोर्नियात २०२४ला ते १६ डॉलर होतं. तिथे हेच तिकीट पावणेतीन मिनिटांचं.) उलट, १९५४ला आरसीएचा पहिला रंगीत टीव्ही १,००० डॉलरचा होता. किमान वेतनावरच्या माणसाची तेहतीस आठवड्यांची मजुरी.

सगळ्यात मजेची गोष्ट कोका-कोलाची. १८८६पासून १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत छोट्या पेल्याचा किंवा बाटलीचा भाव पाच सेंटच राहिला. सत्तर वर्षं! कारणं काय, तर १८९९ साली कंपनीने बाटल्या भरणाऱ्यांशी करार करून पाकाचा दर कायमचा बांधून दिला होता, आणि पुढे विक्रीची यंत्रं आली ती पाच सेंटचं एकच नाणं घेणारी. भाव सहा करायचा तर दोन नाणी लागणार, आणि दहाचं नाणं लावायचं तर भाव एकदम दुप्पट. कंपनीच्या प्रमुखाने १९५३ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचं नाणं काढा अशी गळ घातली. ते काही निघालं नाही. पण मुद्दा बघा, पाटीवरचा भाव हलला नाही, तरी वेतन वाढत गेलं तशी बाटली दरवर्षी स्वस्त होत होती. भाव स्थिर आणि किंमत बदलती, हे दोन्ही एकाच वेळी खरं.

पुन्हा गिटारकडे. २०२४ साली फेंडरच्याच स्क्वायर या नावाने २०० डॉलरच्या आसपास गिटार मिळत होती. सव्वासात डॉलरच्या हिशोबानेसुद्धा २८ तास, साडेतीन दिवस. ३३३वरून २८. हे कशामुळे? लाकूड कापणारी संगणकी यंत्रं आली, आणि १९८०च्या दशकापासून उत्पादन जपानला, मेक्सिकोला, पुढे कोरिया, चीन, इंडोनेशियाला गेलं. तेव्हा २८ तास म्हणताना आपण फक्त घेणाऱ्याचे तास मोजतोय. बनवणाऱ्याचे तास, आणि त्या तासांना मिळणारी मजुरी, आपल्या हिशोबात कुठेच नाही. स्मिथच्या कल्पनेतली ही अडचण आम्हाला फार महत्त्वाची वाटते. 'कष्टांत मोजा' म्हटलं, पण कुणाच्या?

दुसरी बाजूही आहे. गिटार स्वस्त झाली, गिटारची शिकवणी झाली नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं, त्यातला विचार असा: चार वादकांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच वाजवावी लागे, आजही चौघांनाच आणि तितकाच वेळ. कारखान्यात तासाला वस्तू वाढतात, मैफिलीत वाढत नाहीत. पण वादकालाही घर चालवायचं असतं, म्हणून त्याचं मानधन इतरांच्या बरोबरीने वाढतं. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर यांचंही तेच. अमेरिकेत महाविद्यालयाचा आणि दवाखान्याचा खर्च सर्वसाधारण महागाईपेक्षा कितीतरी वेगाने वाढला, त्याचं हे एक मोठं कारण. त्यामुळे 'आमच्या वेळी आम्ही कमी पैशांत भागवलं, तुम्हा पोरांकडे सगळं आहे' असं नातवाला सांगण्याआधी जरा थांबा. त्याच्या हातात टीव्ही आहे, गिटार आहे, हे खरं. फी आणि भाडं त्याने कशात मोजायचं?

एक चिठ्ठी आली आहे: 'सोन्यात का मोजत नाही?' आपल्याकडचा प्रश्न आहे हा! मोजू या. १९५४ला अमेरिकेत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे गिटार झाली सात औंसांहून थोडी जास्त. आपल्या भाषेत जवळजवळ एकोणीस तोळे. २०२४च्या भावाने ते सोनं सतरा हजार डॉलरचं. म्हणजे या मापाने गिटार दहाव्या हिश्श्यावर आली. पण तो ३५चा भाव सरकारने १९३४पासून बांधलेला होता आणि सामान्य अमेरिकन माणसाला तेव्हा सोन्याची लगड घरात ठेवायला कायद्याने बंदी होती, ती १९७४च्या अखेरीस उठली. जे त्या गिऱ्हाइकाला बाळगताच येत नव्हतं, त्यात त्याची गिटार मोजून त्याला काय कळणार होतं?