कुतूहल : संगणकाला ‘उद्या’ दिसतो तेव्हा

बरेच महिने बंद असलेला लिनक्स संगणक सुरू होता होता अडतो. डिस्कवरची शेवटची नोंद ‘भविष्यातली’ आहे, अशी त्याची तक्रार! बंद संगणकाचं घड्याळ मदरबोर्डवरच्या 3 व्होल्टच्या बटण सेलवर चालतं. सेल संपला की ते कित्येक वर्षं मागे जातं, आणि डिस्क तपासणारा प्रोग्राम जुन्याच नोंदीला बिचकतो.

त्याच संगणकात जोडीला विंडोज असेल तर घोळ वाढतो. ते घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ धरतं. भारतात फरक साडेपाच तासांचा. दोन वेळांची ही ओढाताण मुंबईच्या गिरणगावाने पूर्वी पाहिली आहे. 1906मध्ये प्रमाणवेळेविरुद्ध मुंबईचे गिरणी कामगार खवळले होते, आणि 39 मिनिटं मागची ‘मुंबई वेळ’ 1950च्या दशकापर्यंत टिकली.

तेव्हा संगणकाने अशी तक्रार केली, तर डिस्क बिघडली समजून फेकण्याआधी बायोसमधली (संगणकाच्या मूळ सेटिंगमधली) तारीख जरूर पाहा.